टीचालाची भूमिका दुसऱ्या नटाकडे द्यायला हवी होती का?

प्रॉम्प्टर (धागाकर्ता)

हॉलीवूडचा नट चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० रोजी गेला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान २०१६ मध्येच झाले होते, आणि मार्व्हलच्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटातला, वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टीचाला त्याने शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी चालू असताना उभा केला, हे अगदी जवळच्या मोजक्या माणसांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये मार्व्हल स्टुडिओचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी जाहीर केले की टीचालाची भूमिका दुसऱ्या कोणालाही दिली जाणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा भाग 'वकांडा फॉरेव्हर' आला, त्यात राजा एका अनाम आजाराने पडद्याआड मरण पावतो आणि शेवटी पँथरचा पोशाख त्याची बहीण शुरी अंगावर चढवते.

गेल्या आठवड्यात मुलीबरोबर हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले आणि मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट मांडायची ठरवली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. तो प्रेमापोटी घेतला गेला याबद्दल शंका नाही, पण नटाचा शोक आणि भूमिकेचे आयुष्य या दोन गोष्टी त्यात एकमेकींत मिसळल्या गेल्या, असे माझे मत आहे.

हे मत कुठून आले ते सांगतो. मी अनेक वर्षे एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून वाक्ये सांगणारा, होतो. एका वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमचे नाटक पहिले आले आणि अंतिम फेरीला महिनाही उरला नसताना आमचे मुख्य नट, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. नाटक मागे घ्यायचे की नाही यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, अण्णांचा कोट आणि नाटकात वापरायचा चष्मा एका पिशवीत घालून संस्थेत पाठवून दिला, आणि तो प्रश्न मिटला. रिप्लेसमेंट म्हणून आमच्यातलेच एक सहकारी उभे राहिले. माझ्या संहितेच्या वहीत अण्णांच्या थांबण्याच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवलेल्या होत्या : एक उभी रेघ म्हणजे छोटा पॉज, दोन रेघा म्हणजे मोठा. अंतिम फेरीत दुसऱ्या अंकात हे सहकारी अशा एका वाक्यावर थांबले जिथे माझ्या वहीत एकही रेघ नव्हती. मला वाटले, वाक्य गेले. मी विंगेतून पुढचे वाक्य दिले आणि ते दचकले. पडदा पडल्यावर ते माझ्याजवळ आले आणि एवढेच म्हणाले, "तिथे मला थांबायचं होतं." मी खुणा अण्णांच्या सांभाळत होतो आणि समोर उभा असलेला माणूस मला दिसतच नव्हता. पुढच्या प्रयोगांसाठी मी त्यांच्या जागा लाल पेनने केल्या. पेन्सिलीच्या रेघा खोडल्या नाहीत.

आता टीचालाकडे येतो. हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केले, म्हणजे बोझमनच्या जन्माच्या दहा वर्षे आधी. त्यानंतर किती लेखकांनी आणि चित्रकारांनी आपापल्या हाताने त्याला घडवले. पडद्यावर मात्र त्याला चारच चित्रपट मिळाले, आणि त्यांतला एकच, २०१८ चा, खऱ्या अर्थाने त्याचा होता. ज्याचे राज्य नुकते सुरू झाले होते असा राजा, त्याचा नट गेला म्हणून कथेतही मारला गेला.

त्याच स्टुडिओचे दुसरे उदाहरण पाहा. विल्यम हर्ट मार्च २०२२ मध्ये गेले. ते मार्व्हलच्या चित्रपटांत २००८ पासून जनरल रॉस करत होते, आणि टीचाला ज्या चित्रपटात पहिल्यांदा दिसला त्या 'सिव्हिल वॉर'मध्येही ते होते. रॉसची भूमिका हॅरिसन फोर्डकडे गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पडद्यावर आलीसुद्धा. त्यावर कोणी फारशी खळखळ केली नाही. मग नियम नेमका कोणता? ज्या भूमिकेवर लोकांचे प्रेम कमी, ती पुढे चालते, आणि जिच्यावर प्रेम जास्त, ती नटाबरोबर जाते, असे असेल तर प्रेमाचा हा भार भूमिकेलाच जड होतो.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. टीचालाचे वडील टीचाका ही भूमिका दक्षिण आफ्रिकेचे ज्येष्ठ नट जॉन कानी यांनी केली. वकांडाची भाषा म्हणून खोसा भाषा आली तीही त्यांच्यामुळे, कारण ती त्यांची मातृभाषा. २०१८ च्या चित्रपटात तरुणपणीचा टीचाका कोणी केला? अटांड्वा कानी यांनी, म्हणजे जॉन कानींच्या मुलाने. एकच राजा बाप आणि लेक अशा दोन नटांनी एकाच चित्रपटात केला आणि प्रेक्षकाला तो सहज मान्य झाला.

इथे अनेकांनी हे चित्रपट पाहिले असतील. तुम्हाला काय वाटते ते सविस्तर लिहावे.

जुने_रीळ

धाग्याचा विषय चांगला आहे. हिंदीतली दोन-तीन उदाहरणे इथे उपयोगी पडतील.

ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० रोजी गेले तेव्हा 'शर्माजी नमकीन' अर्धवट होता. उरलेले प्रसंग परेश रावल यांनी केले आणि मार्च २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला. एकाच माणसाचे दोन चेहरे, कधी लागोपाठच्या प्रसंगांत. सुरुवातीलाच रणबीर कपूर पडद्यावर येऊन हे सगळे समजावून सांगतो. परेश रावल यांनी ऋषी कपूर यांची नक्कल केलेली नाही, त्यांनी शर्माजी केले आहेत. पहिली पंधरा मिनिटे डोळा अडखळतो, नंतर आपण शर्माजींच्या स्वयंपाकात रमतो.

उलट उदाहरण आवाजाचे. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेल्या, आणि 'वारिस' १९८८ मध्ये आला तेव्हा त्यांचे संवाद रेखा यांच्या आवाजात होते. मी तो चित्रपट पूर्ण पाहू शकलो नाही. डोळ्यांसमोर स्मिता आणि कानात दुसरेच कोणी, ही गोष्ट मला दुसऱ्या नटापेक्षा कितीतरी जास्त छळणारी वाटली. भूमिका पूर्ण द्यावी किंवा अजिबात देऊ नये, अर्धी देऊ नये, असे मला त्या दिवसापासून वाटते.

अटलांटाकर

धागाकर्त्यांचा अनुभव मनाला भिडला, पण मी त्यांच्या निष्कर्षाशी पूर्णपणे असहमत आहे, आणि ते थोडे विस्ताराने लिहिणार आहे.

मी गेली सतरा वर्षे अटलांटात राहते. 'ब्लॅक पँथर'चे बरेचसे चित्रीकरण याच परिसरात झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिल्या शनिवारी आम्ही तो पाहायला गेलो, तेव्हा चित्रपटगृहाच्या बाहेर आपल्याकडे लग्नाला यावे तशी माणसे नटून आली होती. आमच्या शेजारच्या आजी डोक्याला रंगीत कापड बांधून, तीन नातवंडांना घेऊन आल्या होत्या. बोझमन पडद्यावर आला तेव्हा धाकटा नातू खुर्चीवर उभा राहिला, आणि आजींनी त्याला खाली बसवले नाही. त्या मुलाला कॉमिक्स ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी टीचाला म्हणजे तो चेहरा आणि तो आवाज होता.

'वकांडा फॉरेव्हर'ची सुरुवात आठवा. शुरी प्रयोगशाळेत भावाला वाचवण्यासाठी ती औषधी वनस्पती कृत्रिमरीत्या बनवण्याची धडपड करते आहे आणि आई येऊन सांगते की तो पूर्वजांकडे गेला. मग पांढऱ्या कपड्यांतली अंत्ययात्रा. मग मार्व्हलचे बोधचिन्ह येते, त्यात सगळीकडे बोझमनच्या प्रतिमा, आणि नेहमीचे संगीत नाही. पूर्ण शांतता. आमच्या चित्रपटगृहात त्या शांततेत लोक मोठ्याने रडत होते. आपण सिनेमा पाहायला आलो आहोत की अंत्यदर्शनाला, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. चित्रपटात वर्ष सरल्यावर आई शुरीला शोकाचे कपडे जाळायला सांगते आणि शुरीला ते जमत नाही. अगदी शेवटी समुद्रकाठी ती ते जाळते. आपल्याकडे वर्षश्राद्ध का असते हे ज्याला कळते त्याला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दिग्दर्शक रायन कूगलर यांनी नंतर सांगितले आहे की बोझमन गेल्यावर ते चित्रपटक्षेत्रच सोडण्याच्या विचारापर्यंत आले होते. त्यांनी दुसऱ्या भागाची मूळ संहिता टीचालासाठी लिहिली होती. काही वर्षे नाहीसा झालेला बाप परत येतो, आणि मधल्या काळात वाढलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या मुलाशी त्याला नाते जोडायचे आहे, अशी ती कथा होती. ती वाचायला त्यांनी बोझमनला फोन केला, तेव्हा तो इतका थकलेला होता की त्याला ती वाचता आली नाही. हे दिग्दर्शकाला तेव्हा ठाऊक नव्हते, नंतर कळले. आता ती संहिता दुसऱ्या नटाच्या हातात द्यायची, आणि अँजेला बॅसेट (आई), लेटिशिया राइट (शुरी) यांनी त्याला मुलगा किंवा भाऊ म्हणून हाक मारायची, हे कोणत्या तोंडाने सांगायचे होते?

प्रॉम्प्टर, तुमच्या संस्थेत वहिनींनी पिशवी पाठवली. ही परवानगी आतून आली. इथे माणसे त्या क्षणी ती देऊ शकत नव्हती, आणि कोणी घाई केली नाही, याचा मला आदर वाटतो. बॅसेट यांना त्या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. सिंहासनासमोर त्या जे बोलतात, माझे सगळे कुटुंब गेले, मी सर्वस्व दिले नाही का, ते वाक्य दुसरा टीचाला जिवंत असता तर लिहिलेच गेले नसते.

गॅलरीतला

हॅरी पॉटरमधल्या मुख्याध्यापक डम्बलडोरचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर २००२ मध्ये गेले, हॅरी पॉटरचा दुसरा भाग प्रदर्शित व्हायच्या थोडे आधी. तिसऱ्या भागापासून मायकल गॅम्बन आले आणि शेवटपर्यंत राहिले. चौथ्या भागात ते हॅरीच्या अंगावर धावून जाऊन 'तू नाव टाकलेस का' असे विचारतात, आणि पुस्तकात तर त्यांनी शांतपणे विचारले असे लिहिले आहे, यावरून चाहत्यांत आजही वाद आहेत. पण एकदा विचार करा. तिथे पुस्तक समोर होते, म्हणून लोक गॅम्बन यांची तुलना शेवटी पुस्तकाशी करू लागले, हॅरिस मागे पडले. मूळ संहिता भक्कम असेल तर नव्या नटाला उभे राहायला जागा मिळते. सहाव्या भागात मनोऱ्यावरून पडणारे गॅम्बन पाहताना मला हॅरिस एकदाही आठवले नाहीत, आणि हे मी हॅरिस यांचा निस्सीम चाहता म्हणून लिहितो आहे. आता नव्या टीव्ही मालिकेत या भूमिकेसाठी जॉन लिथगो यांची निवड झाली आहे.

चाळीतली_खिडकी

अटलांटाकर ताईंचे वाचून गलबलून आले. तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने लिहिणार आहे, आणि माझे कारण वेगळे आहे.

माझे वडील दलित पँथरच्या काळातले. १९७२ मध्ये मुंबईत ती संघटना उभी राहिली तेव्हा ते गिरणीत बदली कामगार होते. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते हे आमच्या घरात लहान मुलांनाही माहीत होते. कॉमिक्समधला पँथर मात्र त्या पक्षाच्याही काही महिने आधीचा, हे मला फार नंतर कळले. २०१८ चा चित्रपट मी वडिलांना मोबाइलवर दाखवला. त्यांना इंग्रजी संवाद फारसे कळले नाहीत. वकांडा पहिल्यांदा उघडते, विमान त्या हिरव्या डोंगराच्या पडद्यातून आत शिरते आणि समोर शहर दिसते, तो प्रसंग त्यांनी मला तीनदा मागे घ्यायला लावला. मग म्हणाले, "ह्यांच्यावर कोणी राज्य केलंच नाही, असं दाखवलंय ना?" एवढेच.

ज्यांना पडद्यावर राजे भरपूर मिळाले आहेत त्यांच्यासाठी एक राजा गेला तर फारसे बिघडत नाही. छत्रपती शिवाजी महाराज आपल्याकडे किती नटांनी केले, चंद्रकांत मांडरे यांच्यापासून आजच्या मुलांपर्यंत, आणि कोणताही नट गेला म्हणून महाराजांवरचा चित्रपट थांबला नाही. ज्यांना असा राजा इतक्या वर्षांनी एकच मिळाला, त्यांचा तो एक चित्रपटभर राज्य करून आजाराने गेला, हे मला सहन होत नाही. अमेरिकेतही ही भूमिका दुसऱ्या नटाला द्यावी अशी मागणी काळ्या प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनीच लावून धरली होती, त्यासाठी सह्याही गोळा झाल्या. बोझमनच्या भावानेही भूमिका पुढे चालू राहावी अशा अर्थाचे मत मांडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे प्रेमाची माणसे एकाच बाजूला होती असे नाही.

शुरी पँथर होते, सैन्य स्त्रियांचे आहे, हे सगळे मला आवडले. पण एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यातून का फेडायचे?

संगणकसाधक

मी मुंबईत दृश्य-परिणामांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझी भीती दुसरीच आहे. दुसरा नट घ्यायचा की नाही हा प्रश्न आपण आज विचारतो आहोत, कारण निर्णय माणसांच्या हातात आहे. तिसरा पर्याय दारात उभा आहे.

२०१६ च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' चित्रपटात पीटर कुशिंग यांचा चेहरा आणला गेला. ते १९९४ मध्ये गेलेले. शरीर आणि अभिनय गाय हेन्री या नटाचा, वर चेहरा संगणकाचा. पॉल वॉकर नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला तेव्हा त्याचा चित्रपट अर्धा झाला होता, तो त्याच्या दोन भावांना उभे करून आणि वर त्याचा चेहरा बसवून पुरा केला गेला. तिथे निरोप द्यायचा होता, म्हणून मी त्याला वेगळे मानतो.

काम कसे चालते ते थोडे सांगतो. अशा एका दृश्यात आम्ही मूळ नटाची जुनी दृश्ये घेऊन बसतो, त्याच्या पापण्या किती वेळाने मिटतात, हसण्याआधी ओठाचा कोणता कोपरा आधी हलतो, हे चौकट-चौकट मोजतो. मी एका दिवंगत नटाच्या जाहिरातीसाठी असे तीन आठवडे काम केले आहे. डोळे सर्वांत कठीण. डोळ्यांतली ओल जराशी चुकली की चेहरा मेलेला दिसतो, आणि तो खरोखरच गेलेला माणूस आहे हे आठवून हात थांबतो. त्या तीन आठवड्यांत त्या नटाने काहीही नवे केले नाही. त्याने पूर्वी केलेलेच आम्ही तुकडे जोडून पुन्हा लावत होतो. दुसरा नट चुकीचा थांबेल, पण तो स्वतः थांबेल. प्रॉम्प्टर यांच्या वहीतल्या लाल खुणा माझे यंत्र कधीच करू शकणार नाही, ते फक्त पेन्सिलीच्या रेघा गिरवते.

रॉबिन विल्यम्स यांनी मृत्यूनंतर पंचवीस वर्षे आपली प्रतिमा वापरली जाऊ नये अशी कायदेशीर तजवीज करून ठेवली होती. अमेरिकेत २०२३ मध्ये नटांचा संप ११८ दिवस चालला त्यात संगणकीय प्रतिकृतीला संमती हा एक मुख्य मुद्दा होता, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने दिवंगत कलाकारांच्या प्रतिकृतीसाठी वारसांची संमती बंधनकारक करणारा कायदा केला. मला विचाराल तर वारसांची संमती पुरेशी नाही, नटाने स्वतः लिहून ठेवलेले असावे. बोझमनच्या बाबतीत स्टुडिओने हा मार्ग घेतला नाही, याबद्दल मी त्यांना शंभर गुण देतो.

मालवणकाठ

आपल्या रंगभूमीवर याची उत्तरे केव्हाच दिली गेली आहेत. 'नटसम्राट' १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभे केले आणि त्यांनी ते सोडल्यावर दत्ता भट यांनी केले, तेव्हा प्रेक्षकांनी दोघांचे बेलवलकर जपले. मच्छिंद्र कांबळी सप्टेंबर २००७ मध्ये गेले, त्यानंतर 'वस्त्रहरण'मध्ये तात्या सरपंच दुसऱ्या नटांनी केले. मी मालवणला एक प्रयोग पाहिला. पहिल्या अंकात माझ्या बाजूचे काका प्रत्येक वाक्याआधी बाबूजींच्या, म्हणजे कांबळींच्या, सुरात ते वाक्य स्वतःशीच म्हणत होते. दुसऱ्या अंकात ते गप्प झाले आणि हसायला लागले. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तर एकपात्री, पन्नासावर पात्रे एका देहात, त्यामुळे ते त्यांच्याबरोबर २००९ मध्ये संपले असेच सर्वांना वाटले होते. आज संदीप पाठक ते करतात.

मात्र चित्रपटाचे गणित निराळे आहे हे मान्य करावे लागते. नाटकाचा प्रयोग रोज नव्याने होतो आणि जुना प्रयोग कुठेही उरत नाही. चित्रपटात जुना नट कायम तिथेच असतो, कोणत्याही रात्री लावून पाहता येतो. म्हणूनच 'झपाटलेला'चा दुसरा भाग २०१३ मध्ये आला तेव्हा लक्ष्याची भूमिका दुसऱ्याला दिली नाही, कथा त्याच्या मुलावर नेली. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले होते. 'वकांडा फॉरेव्हर'च्या शेवटी टीचालाचा मुलगा दिसतो तेव्हा मला आपल्या लक्ष्याचीच आठवण झाली.

प्रॉम्प्टर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

मालवणकाठ, चित्रपटात जुना नट कायम तिथेच असतो हा तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखात निसटला होता, आणि तो माझ्या विरुद्ध जातो असे प्रथम वाटले. नंतर वाटले की तो माझ्या बाजूनेही आहे. नाटकात अण्णा गेले की त्यांचे काम आमच्या आठवणीखेरीज कुठेच उरले नाही, तरी आम्ही भूमिका दिली. बोझमनचा टीचाला तर जसाच्या तसा सुरक्षित आहे. पुढचा नट त्यातले एक अक्षरही पुसू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. बोझमनने स्वतः काय केले ते पाहा. २०१३ मध्ये त्याने बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन केला. त्याच रॉबिन्सनने १९५० मध्ये एका चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली होती. मग जेम्स ब्राउन, मग न्यायमूर्ती थर्गुड मार्शल. ज्यांचे चेहरे, आवाज, चाल लोकांना पाठ होती अशा माणसांच्या कपड्यांत शिरण्याचे धाडस करतच तो मोठा झाला. त्याच्या नावाने त्याची भूमिका बंद करावी, हे त्याच्या कारकिर्दीला धरून आहे असे मला वाटत नाही.

अटलांटाकर ताई, तुमच्या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या माणसांनी २०२१ मध्ये नव्या नटाला भाऊ म्हणून हाक मारायची कशी? नसतीच मारता आली. इथे मी माझे मत बदलतो : २०२२ चा चित्रपट शोकाचा असायलाच हवा होता. माझी तक्रार फक्त एवढीच उरते की कथेत त्याला मारायला नको होते. राजा दूर आहे, आजारी आहे, बेपत्ता आहे, काहीही चालले असते. दार उघडे ठेवायला हवे होते.

अटलांटाकर

दूर आहे असे सांगितले असते तर त्या आजी आणि तो नातू सबंध चित्रपटभर तो येण्याची वाट पाहत बसले असते. तो येणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. ते कोणीतरी पडद्यावरून आम्हाला सांगायला हवे होते. मुलाला दार उघडे ठेवून झोपवता येते, पण रात्रभर त्याचे डोळे त्या दाराकडेच राहतात. यावर आपले एकमत होईल असे मला वाटत नाही, आणि चर्चा मात्र फार चांगली झाली.

जाता जाता विचारते : तुमच्या त्या सहकाऱ्यांना अण्णांचा कोट चढवताना काय वाटले, हे तुम्ही त्यांना कधी विचारले का?

प्रॉम्प्टर (धागाकर्ता)

विचारले नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी त्यांना फोन केला. आता त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

ते म्हणाले, कोट खांद्यात सैल होता, तो शिंप्याकडून आत घेऊन आणला, पण शिंप्याला जादा कापड कापू दिले नाही, आतल्या आत दुमडून टाके घालायला सांगितले. वहिनींना तो पुढे कधी मूळ मापाने परत द्यावा लागेल, असे त्यांच्या मनात होते. चष्मा मात्र त्यांनी अंतिम फेरीच्या दिवशीच दुपारी वहिनींकडे परत नेऊन दिला होता, हे मला आजवर माहीत नव्हते. मी विंगेतून इतकी वर्षे अण्णांचाच चष्मा पाहतो आहे असे समजत होतो. त्यांनी स्वतःचा लावला होता, कारण अण्णांच्या नंबरने त्यांना रंगमंचाची कड दिसत नव्हती.